हातांना शिकवणारा मंडप

कॉलेजच्या खाद्यमहोत्सवातले बहुतेक स्टॉल एकाच साच्याचे असतात. पुढे टेबल, मागे बॅनर, बाजूला पदार्थाची माहिती लिहिलेला तक्ता. आपण प्लेट घेतो, खातो, पुढे सरकतो. तक्ता कोणी वाचत नाही. मग खाण्यातून शिकवणारा मंडप उभारायचा तरी कसा? एक उदाहरण बघू या.

मिलानचे चार मनोरे

इटलीतल्या मिलान शहरात १ मे ते ३१ ऑक्टोबर २०१५ या काळात जागतिक प्रदर्शन भरले होते. विषय होता जगाचे पोषण. स्वित्झर्लंडने आपल्या मंडपात चार उंच मनोरे उभे केले आणि त्यांत पाणी, मीठ, कॉफी व सफरचंदाच्या सुकवलेल्या चकत्या भरल्या. येणाऱ्याने हवं तेवढं घ्यावं, पैसे नाहीत. मात्र संपलेला माल पुन्हा भरायचा नव्हता. मनोरे रिकामे होत गेले तसे मंडपातले फलाट खाली उतरत गेले.

इथे शिक्षक कोण? ना भाषण, ना तक्ता. हात पुढे करताना पडणारा प्रश्नच शिकवतो: मी किती घेऊ? मे महिन्यात आलेल्याने पिशवी भरून नेली, तर ऑक्टोबरमध्ये येणाऱ्याला काय उरेल? तो माणूस आपल्याला कधी भेटणारही नाही. तरी त्याचा वाटा आपल्या हातात असतो.

यातून मंडपरचनेचं एक सूत्र मिळतं. पाहुण्याच्या हातून काहीतरी घडलं पाहिजे आणि त्याची खूण मंडपात उरली पाहिजे.

आपल्या अंगणात: ज्वारी

बेळगाव भागात ज्वारीची भाकरी रोजच्या ताटातली. तिच्यावर असा मंडप सहज बेतता येईल.

१. पारदर्शक बरणीत मोजून ज्वारी भरा. दिवसभरात पुन्हा भरायची नाही. बरणीवर दर तासाला खूण करा.

२. प्रत्येकाने एक मूठ घ्यावी, सुपात पाखडावी आणि जात्यावर दळावी. हात धुऊन कोरडे केलेले हवेत, जातंही कोरडंच.

३. ज्यांना जातं फिरवता येतं अशा एखाद्या आजींना शिकवायला बोलवा. त्या आपल्या शिक्षिका आहेत, तेव्हा नुसत्या शाल-श्रीफळावर भागवू नका, मानधन द्या.

४. सगळं पीठ एकाच डब्यात जमा करा. संध्याकाळी त्याच्या भाकऱ्या करा आणि सर्वांत शेवटी आलेल्यांना आधी वाढा.

आपलं पीठ आपण खाणार नाही, हे कळल्यावर लोक किती दळतात? खरा धडा तिथेच आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला यात काय?

भरपूर. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावांतून १ लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. वर्गात आपण ओवी वाचतो, तिचे चरण मोजतो. पण खुंटा धरून दगड ओढताना श्वास कुठे तुटतो, गाणं का लागतं, हे पुस्तकातून समजत नाही. दहा मिनिटं दळलं की दंडच सांगतात.

तेव्हा पुढच्या वेळी स्टॉल आखताना "काय विकायचं?" याच्या आधी विचारा, "येणाऱ्याच्या हातांना काय काम देऊ?" उत्तर सापडलं की बॅनरचा खर्चही वाचेल!