प्रतिमा मोठी दिसते, स्पष्ट का नाही?

प्रश्न : संत्र्याच्या मुळांवरील डिंक्याची बुरशी शाळेतील सूक्ष्मदर्शकातून पाहताना नेत्रभिंग बदलून वर्धन वाढवले, तरी प्रतिमा अंधूकच राहते. उपाय काय? (एक वाचक, सावरगाव, पांढुर्णा-सौंसर परिसर)

उत्तर : वर्धन आणि विभेदन, म्हणजे जवळजवळचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याची क्षमता, या भिन्न गोष्टी असून नेत्रभिंग केवळ पहिली वाढवते. एर्न्स्ट आबे यांनी 1873 मध्ये दाखवल्याप्रमाणे, विभेदनाची मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीला वस्तुभिंगाच्या 'न्यूमरिकल अपर्चर'च्या (किती रुंद कोनातला प्रकाश भिंग गोळा करते, त्या मापाच्या) दुपटीने भागल्यास मिळते. हिरव्या प्रकाशात (550 नॅनोमीटर) 0.65 मापाच्या 40 पट भिंगाची मर्यादा सुमारे 0.42 मायक्रोमीटर, तर तेल लावून वापरायच्या 1.25 मापाच्या 100 पट भिंगाची 0.22 मायक्रोमीटर येते. तेलाचा अपवर्तनांक काचेच्या जवळपास असल्याने तिरपे किरण हवेत वाया जात नाहीत. मात्र कोरड्या 40 पट भिंगाला तेल लावणे म्हणजे ते भिंग खराब करणे होय.

शाळांमध्ये बहुधा दुर्लक्षित राहतो तो कंडेन्सर, म्हणजे नमुन्यावर खालून प्रकाश एकवटणारे भिंग : तो वर न सरकवता त्याचा पडदा फार मिटला, तर उत्तम भिंगही निकामी ठरते. झाकणकाच 0.17 मिलिमीटर जाडीची असावी आणि निळी गाळणी लावून पाहावी. डिंक्याच्या बुरशीच्या, म्हणजे फायटोफ्थोराच्या, बीजाणुधानी अनेक मायक्रोमीटर लांब असल्याने एवढ्याने त्या स्पष्ट दिसाव्यात. संत्र्याच्याच ग्रीनिंग रोगाच्या जिवाणूसाठी मात्र ही खटपट व्यर्थ आहे, कारण त्याची जाडी विभेदनाच्या वरील मर्यादेच्या आसपास असल्याने त्याचे निदान पीसीआर चाचणीनेच करतात.