पूर ओसरल्यावर शेतकऱ्याच्या घरीं

पूर आला म्हणजे गांवांत माणसांची रीघ लागते. धान्य येतें, चादरी येतात, अधिकारी येतात. पंधरा दिवसांनीं वाट पुन्हां ओस पडते, आणि शेतकऱ्याचें मन पुष्कळदां तेव्हांच खचूं लागतें. खेड्यांतील उपदेशकांनीं व मंडळीच्या वडिलांनीं ह्या नंतरच्या भेटीकडे विशेष लक्ष द्यावें.

सन २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत व सोलापूर जिल्ह्यांत अतिवृष्टि झाली. सीना, मांजरा, तेरणा ह्या नद्यांनीं कांठ सोडले. काढणीस आलेलें सोयाबीन कुजलें हें तर झालेंच. परंतु कित्येक ठिकाणीं वरची मातीच वाहून गेली व खालीं दगडगोटे उरले. पीक गेलें तर पुढच्या हंगामाची आशा असते. माती गेली तर तो हंगामही गेला. कर्ज मात्र जागेवरच राहतें. अशा मनुष्यास "धीर धरा, सर्व ठीक होईल" असें म्हणणें म्हणजे त्याचें तोंड बंद करणें होय. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्यानें त्याजजवळ बसले, तोंपर्यंत त्यांचें बरोबर होतें; बोलूं लागले आणि बिघडलें.

आधीं पाहावें, मग ऐकावें, मग मदतीशीं गांठ घालून द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं काढलेल्या मार्गदर्शिकेंत हाच क्रम आहे. चूल पेटते कीं नाहीं, जनावरें कोठें आहेत, घरधनी चार माणसांत येतो कीं नाहीं, हें पाहावें. घरच्या बाईस निराळें विचारावें. रात्रीं कोण जागें असतें हें तिला ठाऊक असतें. पंचनाम्यांत नांव आलें नसेल तर त्याच्याबरोबर तलाठ्याकडे जावें. हेंही मनाचेंच औषध आहे.

झोंप न लागणें, पावसाच्या आवाजानें छाती धडधडणें, हें पहिल्या कांहीं आठवड्यांत पुष्कळांस होतें व बहुतेकांचें आपोआप निवळतें. परंतु दोन आठवडे लोटूनही कामावर मन नाहीं, जेवण तुटलें, "माझ्यावांचून घरचें बरें चालेल" अशी भाषा निघूं लागली, तर उशीर करूं नये. जीव देण्याचा विचार येतो काय, असें सरळ विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत शिरतो ही समजूत खोटी आहे. फवारणीचें औषध घरांत असेल तर घरच्यांच्या संमतीनें दुसरीकडे कुलपांत ठेववावें. त्यास एकटें सोडूं नये. जिल्हा रुग्णालयांत न्यावें. १४४१६ ह्या सरकारी दूरध्वनीवर अहोरात्र, मराठींतही, विनामूल्य बोलतां येतें.

हें काम डॉक्टराचेंच, असें कोणी म्हणेल. अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत विश्राम नांवाचा उपक्रम झाला; त्याचा वृत्तांत २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. तेथें घरोघर जाणारीं माणसें गांवांतलींच, थोडें शिक्षण दिलेलीं. उदासीनतेच्या आजारानें पीडलेल्यांत मदत घेणारे आधीं शेंकडा ४.३ होते, ते १८ महिन्यांनीं २७.२ झाले.

निघतांना पुढच्या भेटीचा दिवस सांगावा, आणि त्या दिवशीं चुकूं नये.