ट्रॅक्टर अडतो तेव्हा : डिझेलच्या वाटेचा अभ्यास

पावसाळ्याच्या तोंडी जमिनीला वाफसा येतो तो थोड्याच दिवसांचा. त्या दिवसांत पेरणी साधली तर हंगाम हाती लागतो. हुकली तर पुन्हा आभाळाकडे पाहत बसणे आले. नेमक्या अशाच वेळी ट्रॅक्टर सुरू होईनासा झाला, म्हणजे घरातील माणसे घाबरून स्टार्टर पुनःपुन्हा फिरवीत राहतात. थोड्या वेळाने बॅटरीही उतरते आणि एका दुखण्याची दोन होतात. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे. म्हणून अशा प्रसंगी दोष कसा हुडकावा, याचा विचार आपण येथे करू.

प्रथम एंजिनाचे तत्त्व लक्षात घ्यावे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले एंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. पेट्रोलच्या एंजिनात इंधन ठिणगीने पेटते. डिझेलच्या एंजिनात ठिणगीच नसते. त्यात हवा दाबून तिचे आकारमान सुमारे सोळाव्या ते विसाव्या हिश्श्यावर आणतात. तेणेकरून ती ५०० अंश सेंटिग्रेडहूनही अधिक तापते. अशा तप्त हवेत डिझेलचा सूक्ष्म तुषार सोडला, की तो आपोआप पेट घेतो. तुषार वेळेवर व योग्य प्रमाणात पडला नाही, तर एंजिन चालणार नाही, हे उघड आहे.

डिझेलची वाट अशी : टाकी, तोटी, पाणी व गाळ बसण्याची वाटी, फीड पंप, गाळण्या म्हणजे फिल्टर, इंजेक्शन पंप, पोलादी नळ्या आणि शेवटी इंजेक्टर. इंजेक्शन पंपापर्यंत दाब अल्प असतो; त्यापुढे जुन्या धर्तीच्या एंजिनांत तो हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे २०० पट होतो. म्हणून दोष शोधताना टाकीकडून एंजिनाकडे क्रमाक्रमाने जावे, मध्येच उडी घेऊ नये. टाकीत डिझेल आहे काय, तोटी उघडी आहे काय, एंजिन बंद करण्याची दांडी ओढलेली राहिली नाही ना, हे साधे प्रश्न प्रथम विचारावेत. पुष्कळदा उत्तर तेथेच सापडते.

एंजिन सुरू होऊन काही वेळाने आपोआप बंद पडत असेल, तर टाकीचे झाकण सैल करून पाहावे. झाकणातील बारीक छिद्र धुळीने बुजले, तर टाकीत हवा शिरत नाही आणि डिझेल खाली उतरत नाही. झाकण सैल करताच एंजिन नीट चालू लागले, तर दोष कळला. नांगराचा भार पडताच दम तुटत असेल, तर गाळणी तुंबली असण्याचा संभव अधिक. काळा धूर दिसला, की हवा अपुरी पडत आहे, डिझेल अधिक जात आहे किंवा इंजेक्टरचा तुषार बिघडला आहे, असे समजावे. हवेची गाळणी प्रथम पाहावी.

डिझेल संपून टाकी कोरडी पडली, किंवा गाळणी बदलली, म्हणजे नळ्यांत हवा शिरते. यालाच आपल्याकडे ‘एअर घेतली’ असे म्हणतात. एवढ्याशा हवेने एवढे मोठे यंत्र का अडावे? रंगपंचमीची पिचकारी आठवा. ती पाण्याने पूर्ण भरलेली असेल, तर दट्ट्या दाबताच धार उडते; आत हवा राहिली, तर प्रथम हवाच दबते. इंजेक्शन पंपातही तसेच होते. बुडबुडा दबतो, पण इंजेक्टर उघडण्याइतका दाब चढत नाही.

ही हवा काढण्यासाठी टाकी भरून तोटी उघडावी. पहिल्या गाळणीवरील हवेचा स्क्रू थोडा सैल करून फीड पंपाची हातदांडी चालवावी. प्रथम फेस येईल, मग बुडबुड्यांवाचून डिझेल वाहील. ते वाहत असतानाच स्क्रू आवळावा. त्यानंतर दुसरी गाळणी, मग इंजेक्शन पंप, असा क्रम ठेवावा. पुनःपुन्हा हवा शिरत असेल, तर एखादा वॉशर झिजला आहे किंवा नळी चिरली आहे, असे समजून तो भाग शोधावा.

पाणी हा डिझेलचा दुसरा शत्रू. अर्धवट रिकाम्या टाकीतील दमट हवा रात्री थंड होते व आतल्या बाजूस दव जमते. पाणी डिझेलहून जड असल्यामुळे तळाशी बसते. यास्तव टाकी सायंकाळी भरून ठेवावी आणि सकाळी वाटीतील पाणी काढून टाकावे. इंजेक्शन पंपाच्या दट्ट्याभोवतीची फट केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही कमी असते. पाण्याने तेथे गंज चढला, की खर्च फार मोठा येतो.

आता एक कळकळीची सूचना. चालत्या एंजिनात इंजेक्टरच्या नळीची गळती हाताने कधीही चाचपू नये. तो बारीक तुषार कातडी भेदून आत शिरतो. वर जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, परंतु आत मांस सडून बोट अथवा हात गमावण्याची पाळी येते. असे घडल्यास दुखण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या ट्रॅक्टरांत दाब याहून कितीतरी अधिक असतो. तेथे या नळ्या सैल करूच नयेत. इंजेक्शन पंप व इंजेक्टर उघडणे हे जाणत्या मिस्त्रीचे काम. आपले काम त्याआधी संपते.

विद्यार्थिमित्रहो, घरी एक वही घाला. गाळणी केव्हा बदलली, त्या वेळी मीटरवर किती तास झाले होते आणि कोणता दोष कशाने दूर झाला, हे तीत लिहून ठेवा. पुढील पावसाळ्यात ट्रॅक्टर अडला, तर स्टार्टरला हात लावण्यापूर्वी ती वही उघडा.