धम्म आणि पेनल्टी

कर्वेनगरच्या वस्तीतील एका मातेने विचारले, "दीक्षा घेतली, नवस सोडले, तरी मुलगा नापास कसा झाला?" तिला इटलीच्या रोबेर्तो बाज्जोची हकिकत सांगितली.

हा फुटबॉलमधला आघाडीचा खेळाडू. १९८५ साली, वयाच्या १८ व्या वर्षीच, त्याचा गुडघा निकामी झाला. पुढे १९८८ मध्ये या कॅथलिक घरातल्या तरुणाने बौद्ध मार्ग धरला. पंथ जपानी निचिरेनांचा. बाबासाहेबांनी आपल्याला दिलेल्या धम्माहून तो निराळा, हे ध्यानात ठेवावे. १९९३ मध्ये युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला.

१९९४ च्या विश्वचषकात ५ गोल करून त्याने इटलीला अंतिम सामन्यात नेले. ब्राझीलशी ०-० बरोबरी झाली. मग पेनल्टीत त्याचा चेंडू खांबावरून उडाला आणि इटली हरली. त्याचे दोन सोबतीही आधी चुकले होते; पण जग बोट दाखवते ते बाज्जोकडेच! दीक्षा घेऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. दीक्षा म्हणजे नवसाचा मोबदला नव्हे.

१९९८ साली चिलीविरुद्ध इटली १-२ ने मागे असताना पुन्हा पेनल्टी मिळाली. ती मारायला बाज्जोच पुढे झाला. गोल झाला.

त्या मातेच्या मुलाने परीक्षेचा अर्ज पुन्हा भरला आहे.