पाणी मुंबईचे, ताप गावचा

गणपतीला मुंबईहून गावी येणारी मंडळी पावसाच्या गोष्टी रंगवून सांगतात. गाड्या बंद पडल्या, रुळांवरून चालत निघालो, कमरेएवढ्या पाण्यातून घर गाठले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर! २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाही असंख्य मुंबईकर असेच चालले. लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतले. या हिमतीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, हे फारसे कोणी सांगत नाही.

उंदीर, घुशी, कुत्री, गुरे यांच्या लघवीतून या रोगाचे जंतू पाण्यात उतरतात. टाचेला चप्पल लागलेली असो की बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असोत, त्यांना तेवढी वाट पुरते. (कोकणात भातलावणी करणाऱ्यांनाही हा रोग होतो, तेव्हा तो शहरापुरता समजू नये.) ताप लगेच येत नाही, बहुधा ५ ते १४ दिवसांनी, क्वचित महिन्याने येतो. तोवर माणूस गावी आलेला असतो.

थंडी वाजून ताप, डोकेदुखी, लाल डोळे आणि पोटऱ्यांत ठणका. चालून पाय दुखतात असे समजून रुग्ण दुकानातून अंगदुखीची गोळी आणतो. ती घेऊ नका. अशा काही गोळ्या मूत्रपिंडांना घातक ठरतात. सुरुवातीलाच निदान झाले तर साध्या, स्वस्त प्रतिजैविकांनी रुग्ण बरा होतो. कावीळ दिसली, लघवी कमी झाली, दम लागला किंवा थुंकीत रक्त आले, तर मात्र तास न दवडता मोठे रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा ‘मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो’ हे आपण होऊन सांगा. गर्दीच्या दिवसांत आम्ही डॉक्टर ते विचारूच असे नाही, आणि मलेरिया, डेंग्यूही असेच सुरू होतात.

पाण्यातून आल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत. पायाला जखम असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावे. डॉक्सिसायक्लिन घेतल्याने रोग टळू शकतो. गरोदर स्त्रिया व लहान मुलांसाठी औषध वेगळे असते. आणि अंगात ताप असताना, रजा संपली म्हणून रात्रीच्या एस.टी.ने मुलाला परत धाडू नका.