आवाज नको, तार साठव

अगं, रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, "ताई, मेमरी संपली, प्रोजेक्ट बदलू का?" लगेच फोन करणार होते. पण इतक्या उशिरा बोललेलं तुझ्या डोक्यात राहत नाही, म्हणून सकाळी सवडीने लिहितेय. चहा घे आणि वही उघडून बस.

प्रोजेक्ट बदलायचा नाही. तू काळी चारमध्ये गातेस, होस्टेलच्या खोलीत तानपुरा ठेवायला जागा नाही, म्हणून तू इलेक्ट्रॉनिक तानपुरा करायला घेतलास. इतकं खरं कारण असलेला प्रोजेक्ट कुणी सोडतं का? फक्त सुरुवात चुकीच्या टोकाकडून झाली. तू तीस सेकंदांचं रेकॉर्डिंग केलंस आणि ते चिपमध्ये बसवायला निघालीस. हिशेब मांड. सेकंदाला ४४,१०० आकडे, एकेक आकडा दोन बाइटचा, म्हणजे तीस सेकंदांचे सव्वीस लाखांहून जास्त बाइट. तुझ्या आर्डुइनो ऊनोकडे प्रोग्रॅमसाठी ३२ केबी आणि हाताशी रॅम अवघी २ केबी. मग तू दाबत दाबत सेकंदाला ८,००० आकड्यांवर आलीस, तेही आठ बिटांचे, आणि जेमतेम चार सेकंद मावले. त्या चार सेकंदांत तानपुऱ्याचं काय उरणार?

आवाज साठवायचाच नाही गं. तार साठवायची.

१९८३ मध्ये केव्हिन कारप्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग या स्टॅनफर्डच्या दोघांनी 'कंप्युटर म्युझिक जर्नल'मध्ये एक रीत मांडली. ती इतकी छोटी आहे की पहिल्यांदा वाचली तेव्हा मला काहीतरी सुटलंय असंच वाटलं. आकड्यांची एक छोटी रांग घ्यायची. तार छेडली की त्या रांगेत वाटेल ते आकडे भरायचे, नुसता गोंगाट. मग एकेक आकडा बाहेर सोडायचा, आणि त्याच्या जागी तो व त्याच्या शेजारचा यांची सरासरी लिहायची. बस. रांग पुन्हापुन्हा फिरते म्हणून सूर उमटतो. सरासरीमुळे बारीक, कर्कश कंप आधी विरतात आणि खोल कंप मागे रेंगाळतात. खऱ्या तारेचंही तसंच होतं. गुणाकार कुठेच नाही. दोन आकडे मिळवायचे आणि एक बिट उजवीकडे सरकवायचं, झाली निम्मी बेरीज. फक्त मिळवण्याआधी जागा राखून ठेव. सोळा बिटांत बेरीज ३२,७६७ च्या वर गेली की ती उलटून ऋण होते आणि स्पीकर कर्र करून ओरडतो.

तुझा सा २०७.६५ हर्ट्झ. सेकंदाला २२,०५० आकडे धरलेस तर जोडीच्या एकेका तारेला १०६ घरं लागतात, मंद्र पंचमाला १४१, खर्जाला २१२. चारही तारा मिळून ५६५ आकडे, म्हणजे ११३० बाइट. २०४८ मध्ये बसतात की नाही? आणि तुला साधारण नऊशे बाइट मोकळे राहतात!

आता तुझा तो कोड. मी सगळा वाचला. प्रत्येक आकडा बाहेर काढल्यावर तू अख्खी रांग एकेक घर पुढे ढकलतेस. तीच सवय या तारांना लावलीस तर ५६५ आकडे, सेकंदाला २२,०५० वेळा, म्हणजे जवळजवळ सव्वा कोटी ढकलाढकली. चिपच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला एक कोटी साठ लाख, आणि एकेका ढकलण्याला बरेच ठोके लागतात. बिचारी चिप गाणार कधी? वारीतलं रिंगण आठव. वारकरी आपापल्या जागी उभे असतात, धावतो तो अश्व. तसे आकडे जागच्या जागी राहू देत, तू फक्त कुठवर आलीस ते दाखवणारा निर्देशांक फिरव. शेवटच्या घराशी पोचला की शून्यावर आण. आणि त्यासाठी भागाकाराची बाकी काढू नकोस, साधं 'इफ' लाव. या चिपमध्ये भागाकाराचं सर्किटच नाही. एक बाकी काढायला सुमारे दोनशे ठोके जातात, चार तारांचे आठशे, आणि दोन आकड्यांच्या मध्ये तुझ्या हातात ठोके आहेत जेमतेम सव्वासातशे.

एवढं केलंस की तार वाजेल. आणि वाजली की तूच म्हणशील, "ताई, लागत नाहीये." बरोबर म्हणशील. घरं पूर्णांकातच असतात ना. वर सरासरीमुळे अर्ध्या घराचा उशीर होतो, म्हणून १०६ घरांची तार खरी वाजते १०६.५ ची, २०७.०४ हर्ट्झवर. ती अर्धस्वराच्या शंभराव्या भागाच्या हिशेबाने पाच भाग उतरते, तर पंचम एक भाग चढतो. पंचमाच्या तारेचा चौथा उपस्वर आणि जोडीचा तिसरा उपस्वर एकावर एक बसायला हवेत. ते सेकंदाला दोनदा थडथडतात. तुझ्या गुरूंना पहिल्या मिनिटात कळेल. त्यावरचा उपायही त्याच साली, त्याच अंकात डेव्हिड जॅफी आणि ज्युलियस स्मिथ यांनी दिलाय. दोन घरांच्या मधल्या जागेवरून आकडा उचलायचा, ऑल-पास फिल्टर लावून. दर तारेमागे एक गुणाकार आणि एक-दोन आकड्यांची जास्तीची आठवण. हा खर्च अजिबात वाचवू नकोस. काटकसर सुराच्या जिवावर करायची नसते, बाळा.

आणखी एक. तार पुन्हा छेडताना जुने आकडे पुसून नवा गोंगाट भरू नकोस, आहेत त्यांत मिसळ. माझ्या पहिल्या नोकरीत खेळण्यातल्या पियानोचं काम होतं. सूर फिरून पहिल्यापासून सुरू व्हायचा तिथे बारीकसं 'टक्' यायचं. बॅटरी बदलली, स्पीकर बदलला, तीन रात्री घालवल्या. दोष माझ्याच कापणीत होता. सुराच्या तुकड्याचा शेवट वर आणि सुरुवात खाली, त्यामुळे तिथे लाटेला पायरी पडत होती. तुझी चालू तार अचानक पुसलीस तर तीच पायरी पडेल.

आता खरी गोष्ट, जवारीची. एवढं सगळं करून जे वाजेल ते गिटारच्या जवळचं असेल, कारण तुझी तार दोन टोकांना घट्ट बांधलेली आहे. तानपुऱ्यात तसं नसतं. घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता, तार थरथरताना त्यावर टेकते आणि सुटते, तिची मोकळी लांबी क्षणाक्षणाला थोडीशी बदलते. खालून सूत सरकवलं की उपस्वरांचा झरा उघडतो. म्हणून कोडमध्येही लांबी हलती ठेव. आत्ता बाहेर आलेला आकडा जितका मोठा, तितकी वाचायची जागा किंचित सरकव. सतारीचा आवाज घडवतानाही हीच युक्ती वापरतात. आकड्यांची एकही जास्तीची रांग न घेता तार बोलू लागते.

इथे तुला एक मोह होईल, म्हणून आधीच सांगते. रोलंडने १९८७ मध्ये डी-५० काढला तेव्हा मेमरी महाग होती. त्यांनी खऱ्या वाद्यांच्या आवाजाची फक्त सुरुवात साठवली आणि पुढचा लांबता सूर यंत्राकडून घडवून घेतला, कारण वाद्य कुठलं ते कानाला बरंचसं सुरुवातीच्या क्षणातच कळतं. फार शहाणपणाचं काम होतं ते. तुझे सर कदाचित तेच सुचवतील. पण तानपुऱ्याची छेड हळुवार असते, आघात कानाला जाणवूही नये अशी. गाणारीचं लक्ष असतं नंतर भरून राहणाऱ्या गुंजनाकडे. तुझे उरलेले बाइट तिकडे घाल. कुठे खर्च करायचा ते वाद्याला विचार, पुस्तकाला नको.

रविवारी घरी ये. आजीच्या मिरजेच्या तानपुऱ्याला नव्या तारा चढवल्यात. एकदा सूत काढून आणि एकदा लावून, दोन्ही वेळा खर्ज छेडू, आणि तुझ्या बोर्डावर लांबी हलवणारी ती एक ओळ बंद-चालू करून शेजारी ऐकू. आजीला डोळे मिटून बसवू, ती सांगेल कितपत जमलंय. बोर्ड आणि वायर आठवणीने आण. आणि त्याआधी ते चार सेकंदांचं रेकॉर्डिंग पुसून टाक.