ओसरीवरची शाळा

मुलांनो, परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचे एक जुने गाव आहे. तेथील प्राचीन मंदिरे, पायऱ्यांची पुष्करणी आणि उंच दगडी स्तंभ पाहून पाहणारा थक्क होतो. शेकडो वर्षांपूर्वीचे कारागीर आपली कला दगडात मागे ठेवून गेले. पण या परिसरातील मुले पूर्वी कोठे शिकत असत, याची खूण दगडात शोधू गेल्यास ती सापडावयाची नाही. कारण त्या काळच्या शाळेला स्वतःची इमारतच नसे!

मराठवाड्यातील खेड्यांत पूर्वी पंतोजींच्या शाळा असत. कोणाची तरी ओसरी किंवा देवळाचा सभामंडप, हीच शाळा. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरावयाची आणि तीवर अक्षरे गिरवावयाची. या फळीस धुळपाटी म्हणत. चुकलेले अक्षर हाताने पुसले की पाटी पुन्हा कोरी! मुळाक्षरे झाली की बाराखडी, मग मोडी वाचन आणि त्याबरोबर पाढे. पावकी, निमकी, पाउणकी, सवाई, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढेही मुलांना तोंडपाठ करावे लागत. दीड आणे शेराने अडीच शेर डाळ घेतली तर किती आणे द्यावयाचे? असा प्रश्न विचारताच पंतोजींचा विद्यार्थी तत्काळ उत्तर देई, ‘पावणेचार आणे!’ पंतोजींना वेतन असे ते बहुधा धान्याच्या रूपाने. छडीचा धाक मात्र फार मोठा असे.

या शाळेचे हे गुण सांगताना तिचा एक मोठा दोष विसरून चालणार नाही. तिचे दार फार अरुंद होते. मुलींना त्यातून सहसा प्रवेश नसे. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तर त्या ओसरीची पायरीही चढता येत नसे. कष्टकऱ्यांची मुले गुरांमागे रानात जात. गावात शाळा असूनही गावातील बहुतेक मुलांना ती परकीच होती.

त्या वेळी चारठाणा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. तेथेही शिक्षण उर्दूतूनच दिले जाई. उर्दू ही गोड आणि समृद्ध भाषा आहे. दोष भाषेचा नव्हता. परंतु घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला थोडे शिकून वरच्या वर्गात जावयाचे म्हटले की परक्या भाषेचा डोंगर आधी चढावा लागे. कित्येकांची पावले पायथ्याशीच अडखळत. सरकारी शाळा थोड्या होत्या, आणि लोकांनी आपली शाळा काढावयाची म्हटली तर सरकारची परवानगी घ्यावी लागे.

तरीही लोक स्वस्थ बसले नाहीत. 1921 साली आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा या लहानशा खेड्यात राष्ट्रीय शाळा सुरू झाली. औरंगाबाद, अंबाजोगाई, गुलबर्गा अशा गावांतही लोकांच्या प्रयत्नांतून शाळा उभ्या राहिल्या. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे आधी हिप्परगा आणि मग अंबाजोगाई येथे शिक्षक होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्यांनी मुलांना अक्षरे शिकविली, त्यांनीच पुढे लोकांना निर्भयता शिकविली.

15 ऑगस्ट 1947 रोजी देश स्वतंत्र झाला. मराठवाड्याला मात्र 17 सप्टेंबर 1948 पर्यंत वाट पाहावी लागली. 1951 च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातील शंभर माणसांपैकी सुमारे नऊजणांनाच लिहिता-वाचता येत होते. एवढा अंधार दूर करावयाचा होता! 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यांतील प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे सोपविण्यात आला. पुढे 2009 साली कायदा होऊन सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. ओसरीचे अरुंद दार अशा रीतीने सर्वांसाठी उघडले.

मुलांनो, प्रत्येक जुन्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असते. त्याची पाने पिवळी पडलेली असतील, शाई फिकी झालेली असेल. गुरुजींची परवानगी घेऊन ते एकदा पाहा आणि त्यात पहिल्या मुलीचे नाव कोणत्या वर्षी आले ते शोधा. त्या दिवशी ती किती भीत भीत वर्गात शिरली असेल! दगडी स्तंभाइतकेच ते नावही आपल्या गावाचे भूषण आहे.

स्वाध्याय

1. पंतोजींच्या शाळेचे दोन गुण व एक दोष सांगा.
2. निजामाच्या राज्यात मराठी मुलांना कोणत्या अडचणी येत?
3. ‘अरुंद दार’ हे शब्द लेखकाने कोणत्या अर्थाने वापरले आहेत?
4. आपल्या आजी-आजोबांना त्यांच्या शाळेविषयी विचारा व दहा ओळी लिहा.